योहानाने सांगितलेली तयारी



आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी कोणाविषयीचे शुभवर्तमान वाचले जाणार, हे मिस्सेला नेमाने येणाऱ्यांना सांगावे लागत नाही. वाचनांचे वर्ष ‘अ’ असो, ‘ब’ असो वा ‘क’ असो, त्या दिवशी संत योहान बाप्तिस्ता आपल्यापुढे येतोच. संत मत्तय आणि संत मार्क त्याचे वर्णनही करतात: अंगात उंटाच्या केसांचे वस्त्र, कमरेला कातड्याचा पट्टा, खायला टोळ आणि रानमध. घरोघरी गोठ्याचे सामान माळ्यावरून खाली निघत असते, करंज्यांच्या सारणाची बोलणी चाललेली असतात, आणि नेमका त्याच वेळी हा रानातला माणूस वेदीवरून आपल्याशी बोलू लागतो. आपण मांडलेल्या गोठ्यात मेंढपाळ असतात, तीन राजे असतात, त्यांचे उंटही असतात, योहान नसतो. पण ख्रिस्तसभेच्या उपासनाक्रमात त्याला टाळून नाताळपर्यंत पोहोचता येत नाही.

त्याचा सारा संदेश एका शब्दात मावतो: पश्चात्ताप. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो ऐकताच कोंबडा आरवल्यावर रडणारा पेत्र डोळ्यांपुढे उभा राहतो. पाप आठवावे, वाईट वाटावे, जमल्यास डोळ्यांत पाणी यावे, म्हणजे पश्चात्ताप झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. योहानाच्या उपदेशात मात्र रडण्याविषयी एक शब्दही नाही. त्याने लोकांना नेमके काय करायला सांगितले, हे संत लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात, दहा ते चौदा या पाच वचनांत नोंदवून ठेवले आहे. ही पाच वचने इतर तिन्ही शुभवर्तमानांत नाहीत. ‘क’ वर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी ती आपण ऐकतो. तो दिवस आनंदाचा रविवार म्हणून ओळखला जातो, पुरोहितांचा झगा गुलाबी असतो, आणि बहुधा त्या गुलाबी रंगातच ही पाच वचने निसटून जातात. नाताळपूर्वीच्या पापनिवेदनाची तयारी करताना ती सावकाश वाचावीत, म्हणून हा लेख.

वळणे आणि परतणे

आधी शब्दाकडे पाहू. मराठीतला ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप, मनाची होरपळ. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेत ‘मेतानोया’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ मन बदलणे, विचारांची दिशाच पालटणे. त्याच्याही मागे जुन्या करारातील संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द आहे ‘शूब’. त्याचा अर्थ अगदी साधा, रोजच्या बोलण्यातला आहे: मागे फिरणे. चुकीच्या वाटेला लागलेल्या वाटसरूने थांबून परत वळावे, तसे. वाट चुकल्याचे दुःख त्याला होईल किंवा होणारही नाही. पण पाय वळले नाहीत तर त्या दुःखाने तो घरी पोहोचणार नाही.

होरपळीला किंमत नाही असे आम्ही म्हणत नाही. मन द्रवल्यावाचून पाय वळत नाहीत, हा बहुतेकांचा अनुभव आहे. देवावरील प्रेमापोटी होणारे दुःख आणि शिक्षेच्या भयाने होणारे दुःख यांत ख्रिस्तसभा फरक करते, आणि दुसऱ्या प्रकारच्या अपुऱ्या दुःखालाही देवाचे दानच मानते. आमचा मुद्दा एवढाच की योहानाने सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली.

यार्देनच्या काठी

संत लूक काळ अगदी नेमका सांगतो. तिबिर्य कैसराचे पंधरावे वर्ष, म्हणजे इसवी सन २८-२९ च्या सुमारास. यहूदियात पंतय पिलात सुभेदार, गालिलात हेरोद अंतिपा मांडलिक, यरुशलेमात हन्ना आणि कयफा यांचा काळ. एवढी मोठी नावे घेऊन झाल्यावर तो सांगतो की देवाचे वचन यांपैकी कोणाकडेही आले नाही. ते रानात राहणाऱ्या, जखऱ्याच्या मुलाकडे आले.

योहानाकडे लोटलेल्या गर्दीचे त्याने स्वागत केले नाही. त्यांना त्याने सापांच्या पिल्लांची उपमा दिली. आणि ‘आम्ही अब्राहामाचे वंशज’ ही त्यांची मिरास तर त्याने तिथल्या तिथे मोडीत काढली: देवाला अब्राहामासाठी मुले हवीच असतील तर या दगडांतूनही ती उभी करता येतील, असे तो म्हणाला. आपल्याकडे ही मिरास जरा वेगळ्या शब्दांत मिरवली जाते. आमचे घराणे पोर्तुगीज काळापासूनचे ख्रिस्ती. आमच्या घरात दोन फादर आणि तीन सिस्टर. आमच्या आजोबांनी चर्चच्या घंटेला देणगी दिली. योहानाच्या हिशेबात या जमेच्या बाजू नाहीत. पश्चात्तापाला शोभणारे फळ झाडावर दिसले पाहिजे, एवढेच त्याचे मागणे होते.

मग लोकांनी विचारले की आम्ही करायचे तरी काय. हा प्रश्न तीन वेळा विचारला गेला, तीन वेगवेगळ्या गटांनी विचारला, आणि तिघांना तीन उत्तरे मिळाली.

पहिला गट सामान्य लोकांचा. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने ज्याच्याकडे एकही नाही त्याला एक द्यावा, अन्नाचेही तसेच करावे, असे त्यांना सांगितले गेले. दहा अंगरखे असलेल्या श्रीमंताविषयी हे बोलणे नाही, दोनच असलेल्याविषयी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा गट जकातदारांचा. त्या काळी व्यापारी मालावरील जकात गोळा करण्याचा मक्ता दिला जात असे. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारला भरायचा आणि मग आपली माणसे नाक्यांवर बसवून ती नफ्यासह वसूल करायचा. नेमकी किती जकात द्यायची हे शेतकऱ्याला वा उंटवाल्याला कुठून कळणार? नाक्यावरचा माणूस सांगेल तो आकडा. योहानाने त्यांना नाका सोडायला सांगितले नाही. ठरवून दिले असेल त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले.

तिसरा गट शिपायांचा. हे शिपाई कोणाच्या चाकरीत होते याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हेरोद अंतिपाचे असावेत, असे पुष्कळ जण मानतात. जकातदारांच्या मागोमाग ते येतात, त्यावरून वसुलीच्या वेळी दंडुका घेऊन उभे राहणारे हेच असावेत, असाही तर्क केला जातो. धाकदपटशा दाखवून, कोणावर खोटा आळ घेऊन पैसे उकळू नका आणि मिळणाऱ्या पगारात समाधान माना, हे त्यांना मिळालेले उत्तर.

आता या तिन्ही उत्तरांत काय नाही, ते पाहावे. योहान स्वतः टोळ खाऊन राहत होता, पण त्याने कोणालाही टोळ खायला सांगितले नाही. उंटाच्या केसांचे वस्त्र घाला, रानात येऊन राहा, इतके दिवस उपवास करा, यांपैकी काहीच नाही. त्याचे शिष्य उपवास करीत असत, हे आपल्याला इतरत्र कळते. म्हणजे उपवासाला त्याचा विरोध नव्हता. पण नदीत उतरायला आलेल्या माणसाला त्याने त्याच्या कपाटाविषयी, त्याच्या गल्ल्याविषयी, त्याच्या हुद्द्याविषयी विचारले. ज्याचे पाप ज्या जागी, त्याची तयारीही त्याच जागी. नाक्यावरच्या माणसाने यार्देनमध्ये बुडी मारून सोमवारी पुन्हा तोच आकडा सांगितला असता, तर त्याच्या अंगावर फक्त पाणी पडले असते.

शुभवर्तमानाबाहेरही याला एक साक्षीदार आहे. योसेफस हा यहुदी इतिहासकार पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहीत होता. तो ख्रिस्ती नव्हता. आपल्या यहुदी लोकांच्या इतिहासाच्या अठराव्या खंडात त्याने योहानाची आठवण नोंदवली आहे. योहान लोकांना एकमेकांशी न्यायाने आणि देवाशी भक्तीने वागायला सांगत असे, आणि अंतःकरण आधी सदाचरणाने शुद्ध झालेले असेल तरच स्नानाला अर्थ आहे, असे त्याचे म्हणणे होते, अशी ती नोंद आहे. हेरोदाने त्याला मृत समुद्राच्या पूर्वेकडील मखेरूस या किल्ल्यात ठार केले, हेही योसेफसच सांगतो. हेरोदही योहानाचे बोलणे आवडीने ऐकत असे, असे संत मार्क लिहितो. आवडीने ऐकणारे श्रोते प्रवचनकाराला नेहमीच मिळतात.

जक्कयाचा हिशेब

या पाच वचनांचा धागा संत लूकने पुढे एका ठिकाणी पुन्हा उचलला आहे. शिपायांना उत्तर देताना योहानाने वापरलेले एक ग्रीक क्रियापद आहे. खोटा आळ घेऊन लुबाडणे असा त्याचा अर्थ. संपूर्ण नव्या करारात ते फक्त दोनदा येते. एकदा येथे आणि दुसऱ्यांदा एकोणिसाव्या अध्यायात, यरिहोच्या जक्कयाच्या तोंडी. म्हणजे योहानाने नदीकाठी ज्या पापाला नाव दिले, तेच नाव जक्कय आपल्या पापाला देतो. यरिहो यार्देनपासून फार दूर नाही. जक्कयाने योहानाला ऐकले होते असे शुभवर्तमान म्हणत नाही आणि आम्हीही म्हणणार नाही. पण योहानाचे उत्तर एखाद्या जकातदाराने प्रत्यक्षात उतरवले तर ते कसे दिसते, हे लूकला दाखवायचे असावे, असे आम्हांला वाटते.

ही कथा बालवर्गापासून आपल्याला पाठ आहे. बुटका माणूस, उंबराचे झाड, वर पाहणारे प्रभू येशू. मुलांना झाड आवडते आणि प्रवचनेही बहुधा झाडावरच थांबतात. खरी गोष्ट जक्कय खाली उतरल्यावरची आहे. तो प्रभूसमोर उभा राहून दोन आकडे सांगतो: मालमत्तेचा अर्धा भाग गोरगरिबांना, आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत.

चौपटच का? मोशेच्या नियमशास्त्रात परतफेडीचे वेगवेगळे दर होते. ज्याने आपणहून पाप कबूल केले, त्याने मूळ वस्तू किंवा रक्कम पूर्ण परत करावी आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असे गणनाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. शंभराचे एकशेवीस. चोरलेले जनावर जिवंत सापडले तर दुप्पट. आणि चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले असेल तर एकाला चार, हा निर्गममधला नियम. जक्कय आपणहून कबुली देत होता, तेव्हा त्याला एकशेवीसवर सुटता आले असते. त्याने स्वतःला मेंढरू कापून खाल्लेल्या चोराचा दर लावला. त्याच्या घरी आज तारण आले आहे, असे प्रभू म्हणाले ते हे ऐकल्यावर. प्रभू त्याच्या घरी जाण्यासाठी त्याने आधी हिशेब चुकता करण्याची अट मात्र घातली गेली नव्हती. प्रभू आधी त्याच्या घरी आले, मग त्याने तिजोरी उघडली. हा क्रम आपल्या सर्वांना धीर देणारा आहे.

पैसे परत केले की झाले, असाही अर्थ येथे काढू नये. यहूदानेही तीस रुपये महायाजकांना परत नेऊन दिले होते. तो पेत्रासारखा प्रभूकडे मात्र वळला नाही.

क्रम उलटला कसा

आज आपण आधी पापे सांगतो, लगेच पापक्षमा मिळते आणि प्रायश्चित्त मागाहून करतो. ख्रिस्तसभेच्या पहिल्या शतकांत हा क्रम उलटा होता. खून, व्यभिचार, श्रद्धात्याग अशा गंभीर पापांसाठी पापी माणूस बिशपांपुढे येई, त्याला प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या वर्गात घातले जाई, महिने, कधी वर्षे तो उपवास, दानधर्म, प्रार्थना करी, आणि मग त्याला पुन्हा ख्रिस्तप्रसादाच्या मेजाशी घेतले जाई. रोममध्ये हा समेटाचा विधी पवित्र गुरुवारी होत असे. ही संधी साधारणपणे आयुष्यात एकदाच मिळे. प्रायश्चित्तकाळाची राख आणि चाळीस दिवस यांची नाळ त्या जुन्या रीतीशी जोडलेली आहे.

सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासीयांनी दुसरी रीत युरोपभर नेली. पापनिवेदन खाजगी झाले आणि पुन्हा पुन्हा करता येऊ लागले. कोणत्या पापाला कोणते प्रायश्चित्त, याच्या वह्याच त्यांच्याजवळ असत. पुढे, पहिल्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंत, प्रायश्चित्त पूर्ण होण्याची वाट न पाहता कबुलीनंतर लगेच पापक्षमा देण्याचा प्रघात पडला. १२१५ च्या चौथ्या लातरान परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून निदान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. १५५१ साली त्रेंत परिषदेने संस्कार घेणाऱ्याच्या तीन कृती सांगितल्या: पश्चात्ताप, पापांची कबुली आणि भरपाई. १९७३ साली या संस्काराचा नवा विधी आला, त्यात देवाच्या वचनाचे वाचन आणि समेटाची भाषा पुढे आली. या तीन कृती त्यातही कायम आहेत.

हा बदल देवाच्या दयेला साजेसाच होता, आणि जुनी रीत परत यावी असे आम्हांला मुळीच वाटत नाही. परंतु तिसरी कृती त्यात हळूहळू आखडत गेली. आज प्रायश्चित्त म्हटले की तीन वेळा ‘नमो मरिया’, फार तर एक रोझरी. प्रार्थना मोलाचीच आहे. पण ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती तिने काही पडत नाही. शेजाऱ्याच्या वाडीत कोणी रागाने गुरे सोडली, तर देवाची क्षमा मिळाल्याने खाल्लेली केळीची रोपे पुन्हा उगवत नाहीत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या १४५९ व्या परिच्छेदात हीच शिकवण आहे: चोरलेले परत करणे, बदनामी झालेल्याचे नाव पुन्हा स्वच्छ करणे, इजेची भरपाई करणे, हे न्यायानेच आपल्याकडून अपेक्षित आहे; पापक्षमेने पाप दूर होते, पण पापामुळे झालेली सगळी मोडतोड आपोआप सावरत नाही.

डिसेंबरच्या रांगेत

नाताळच्या आधी पापनिवेदनासाठी रांगा लागतात, शेजारच्या धर्मग्रामांतले फादर मदतीला येतात. रांगेत उभे असताना आपण मनात यादी जुळवतो. प्रार्थना चुकली, रविवारची मिस्सा एकदा बुडाली, मुलांवर रागावलो, खोटे बोललो. ही यादी पुष्कळदा पहिल्या कम्युनियनच्या वर्गात सिस्टरांनी शिकवलेलीच असते. माणूस पन्नाशीला आला तरी यादी आठ वर्षांची राहते. त्याच्या धंद्याचा, त्याच्या सातबाऱ्याचा, त्याच्या फोनचा तीत उल्लेख नसतो.

यार्देनवर हे चालले नसते. आपण योहानासमोर उभे आहोत असे समजून त्याला विचारले, तर काय ऐकायला मिळेल?

शेतकऱ्याला तो बांधाविषयी विचारील. दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने कोरलेला बांध वीस वर्षांत कुठून कुठे गेला, हे दोन्ही शेजाऱ्यांना ठाऊक असते. दुकानदाराला काट्याविषयी विचारील, दूधवाल्याला मापाविषयी. ज्याच्याकडे आदिवासी मजूर कामाला येतात, त्याला विचारील की ठरलेली मजुरी शनिवारी हातात पडते की ‘पुढच्या आठवड्यात बघू’ होते. मोलकरणीला नाताळच्या आठवड्यात दुप्पट काम आणि नेहमीचाच पगार मिळतो काय. रिक्षावाल्याला परगावच्या प्रवाशाविषयी, आणि कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्याला टेबलाखालच्या पाकिटाविषयी. शिपायांना दिलेले उत्तर त्याला जसेच्या तसे लागू पडते. मिस्सेच्या आरंभीच्या पापकबुलीत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर कर्तव्यात केलेल्या कसुरीचाही उल्लेख १९७० च्या मिस्साग्रंथापासून आला आहे, हेही येथे आठवावे. न दिलेली मजुरी हे त्याचे ठळक उदाहरण.

एका विषयावर थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्या घरांत तो बोलला जात नाही. बहिणीचा हिस्सा. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाच्या मिळकतीत त्याच्या पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेल्या मिळकतीत मुलगे व मुली यांना सारखा वाटा असतो. म्हणजे कायद्याने मुलगी दुय्यम नाही. व्यवहारात काय होते? जमिनीला भाव येतो, कोणी बिल्डर दारात येतो, आणि बहिणीला नाताळला वा फेस्ताला बोलावून जेवणानंतर हक्कसोडपत्र पुढे केले जाते. ‘नुसती सही पाहिजे, बाकी काही नाही.’ माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. ज्या बहिणीने सर्व जाणून, आनंदाने भावासाठी हक्क सोडला, तिच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. तो तिचा मोठेपणा. पण जिला रक्कम सांगितलीच गेली नाही, जिला कागद वाचू दिला नाही, तिची सही कचेरीत वैध ठरली तरी पापनिवेदनाच्या खिडकीशी तो विषय संपत नाही. आकडा एकाच्याच माहितीत ठेवून दुसऱ्याकडून घेणे, हाच तर नाक्यावरचा धंदा होता. आईवडिलांच्या नावाने दरवर्षी मिस्सा अर्पण करणाऱ्या मुलांनी त्यांच्या मुलीचे काय झाले, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे.

जिभेने केलेल्या चोरीची परतफेड पैशाहून अवघड. एखाद्या मुलीच्या चालचलनाविषयी, एखाद्या घरातल्या आजाराविषयी आपण बोललेले वाक्य तिचे ठरलेले लग्न मोडू शकते. पूर्वी ते वाक्य विहिरीपर्यंत जायला दोन दिवस लागत; आता व्हॉट्सअॅपवर दोन मिनिटे. ज्या ग्रुपवर ते टाकले त्याच ग्रुपवर, त्याच सर्वांसमोर ‘हे खरे नव्हते’ असे लिहिणे ही त्याची भरपाई. मेसेज गुपचूप पुसून टाकणे ही नव्हे.

परत कसे करावे

येथे काही शंका नेहमी विचारल्या जातात.

पैसे परत करायचे म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशी भीती असते. स्वतःला उघड करणे बंधनकारक नाही. रक्कम कोणाकरवी किंवा नाव न सांगता पोहोचवता येते. फादरांनाही ती पोहोचवण्याची विनंती करता येते. पापनिवेदनात ऐकलेले गुपित फादर कोणत्याही कारणाने, कोणापुढेही फोडू शकत नाहीत. धर्मनियम त्यांना तशी मोकळीकच देत नाही.

ज्याचे घेतले तो वारला असेल तर ते त्याच्या वारसांचे. तो कोण हे कळण्याची सोयच नसेल, जसे काट्यात मारलेल्या शेकडो गिऱ्हाइकांचे, तर ते गोरगरिबांचे. मात्र माणूस माहीत असताना त्याचे पैसे चर्चच्या दानपेटीत टाकून मोकळे होता येत नाही. लुबाडलेल्या मजुराच्या मजुरीतून वेदीला फुले नकोत.

सगळी रक्कम एकदम देणे झेपत नसेल तर थोडी थोडी द्यावी. मुलाबाळांना उपाशी ठेवून देण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. परत करण्याचा प्रामाणिक निश्चय असेल तर पापक्षमा त्यासाठी अडून राहत नाही. परंतु हाती असूनही द्यायचेच नाही, असे मनाशी पक्के करून जो रांगेत उभा राहतो, तो अजून वळलेलाच नाही. त्याने हे फादरांशी मोकळेपणी बोलावे. रांगेच्या घाईत नव्हे, आधी वेळ मागून.

आणि भावाभावांचे अबोले. वेदीपाशी दान आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. आपल्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असे प्रभूने येथे म्हटलेले नाही. तेव्हा ‘माझ्या मनात काही नाही, त्याच्याच मनात आहे’ या सबबीला येथे जागा उरत नाही. आपण गेलो आणि त्याने दार उघडले नाही, तर? तसे घडते. वर्षानुवर्षांचा अबोला एका संध्याकाळी सुटत नाही, कधी दुसऱ्या बाजूचे दुखणे आपल्या अंदाजाहून खोल असते. मग त्याच्या दारात तमाशा करू नये आणि ‘मी तर गेलो होतो’ असे गावभर सांगतही फिरू नये. त्याचे जे देणे असेल ते पोहोचवावे, नाताळची करंजी मुलांच्या हाती धाडावी, त्याच्या घरी आजारपण वा मयत झाली तर बोलावण्याची वाट न पाहता जावे, आणि पुढच्या आगमनकाळात पुन्हा एकदा जाऊन पाहावे.